पुलापलीकडील मुलूख हद्दींत आणिल्याची हकिकत

वाचणारांस कळावें कीं पुढील मजकूर जैसा घडला तैसाच लिहिला, पदरचें तिखटमीठ लाविलें नाहीं.

शहरास ओढा, ओढ्यावर पूल, आणि पुलापलीकडे आमची वस्ती. दुखलेंखुपलें तर फोन करावा आणि दवाखान्याची गाडी यावी, ही सोय पुलाअलीकडेच. आमचें कुटुंब छातींत कळ येऊन पडलें, तेव्हां फोनवरून हुकूम आला कीं पुलाशीं आमची हद्द संपते, रिक्षा बघा. रिक्षा मिळाली, परंतु वेळ गेली आणि कुटुंबही गेलें. अधिक लिहवत नाहीं.

मग आम्ही, शिंपीणकाकू आणि सलूनवाला ऐसे तिघांनीं मसलत केली आणि दवाखान्याचे गाडीच्या फोनखात्याच्या साहेबांचे दरबारीं ठाण मांडिलें, आणि सलूनवाला साहेबांचे कल्ल्यांकडे एकटक पाहत बसला, तेणेंकरून साहेब बेचैन होऊन फर्मान सुटलें कीं चाचणीचा फोन करावा, गाडी धड घरापर्यंत पोचली तर वस्ती हद्दींत घेऊं.

मोहिमेचे दिवशीं काकूंनीं आजाऱ्याचें सोंग घेऊन खाटेवर अंग टाकिलें. आमचे वस्तीची रीत ऐसी कीं पाहुण्यास पत्ता सांगणें नाहीं, हात धरून घरीं नेणें. भोंगा वाजला मात्र, तमाम फौज वाट दाखवावयास रस्त्यावर उतरली आणि कोणी डावीकडे ओढी, कोणी उजवीकडे, आणि इस्त्रीवाला तापली इस्त्री परजीत गाडीपुढें धावला, आणि ऐशा अफाट कुमकेपुढें गाडी नामोहरम होऊन गल्लीचे तोंडींच अडकली. तों काकू पदर खोचून रणांगणीं दाखल.

"मेल्यांनो, मी तिकडे मरतेय आणि तुम्ही इथं वरात काढताय?"

गाडीबरोबर पाहणीस आलेल्या साहेबांनीं पुसिलें, "आजारी त्या ह्याच का?"

ऐसा पराभव जाहला. परंतु साहेबांस हसूं आवरेना, सबब दुसरी चाचणी मंजूर जाहली. मग काकूंचा हुकूम सुटला कीं दर वळणावर एकच माणूस, त्यानें फक्त हात दाखवावा, आणि तोंड उघडेल त्याचे कपडे शिवणार नाहीं.

दुसरे चाचणीचे दिवशीं, ठरल्या वेळेआधींच, सलूनवाल्याचे सासरे खरेंच छाती धरून कोसळले. आम्ही फोन केला. फोनवरील बाईंनीं पुसिलें, "काका, चाचणी ना?" आम्ही म्हणालों, "हो, चाचणीच."

गाडी निघाली. वळणावळणावर एकेक हात, शब्द नाहीं. गाडीवाला उतरून म्हणाला, "आजोबा सोंग काय झकास करतात हो!" मग त्यानें नाडी धरिली आणि हसणें बंद जाहलें.

सासरे वांचले. साहेबांनीं आम्हांस बोलावून दरडाविलें, "खोटं का बोललात?"

"साहेब, मागं खरं बोललो होतो, तेव्हा गाडी आली नव्हती."

साहेबांनीं नकाशा पुढें ओढिला. मग त्यांनीं हद्द पूल ओलांडून आमचे शेवटचे घरापर्यंत वाढविली आणि शिक्का मारिला.

येणेंप्रमाणें मुलूख फत्ते जाहला आणि माणूस एक वांचलें. आमचे पक्षाकडील एक माणूस लढाई सुरू होण्याआधींच पडलें होतें, हेंही दफ्तरीं राहावें.