डब्याचा अभिप्राय

"बर्गर-बिर्गर किती वेळा खाता?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा निरीक्षकांनी "महिन्यातून एखाद वेळा" असं ठोकून दिलं. दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी स्वतःच डॉक्टरांसमोर काटा मारला. पहिल्या वर्षी ते खरोखर महिन्यातून एकदाच बर्गरच्या दुकानात जात. मग दर बुधवारी जायला लागले. पुढे बुधवार काय नि शुक्रवार काय, सगळे वार सारखेच झाले.

पंचाईत डब्याची होती. बायको पहाटे पाचला उठून पथ्याचा डबा करायची. तो कोणी खात नाही हे कळलं असतं, तर ती भांडली नसती, गप्प बसली असती. आणि तिच्या गप्प बसण्याला ते जाम टरकून होते. सुदैवाने बर्गरच्या दुकानातल्या काउंटरवाल्याला आठ वर्षं तेच खाऊन बर्गरचा वीट आला होता. तो डबा चाटूनपुसून खाई आणि वर अभिप्रायही देई. निरीक्षक तो संध्याकाळी घरी जसाच्या तसा ऐकवत. वीस वर्षांत नवऱ्याचं पहिल्यांदाच आपल्या स्वयंपाकाकडे लक्ष गेलं, म्हणून बायको हरखून गेली होती.

एके दिवशी काउंटरवाला रजेवर होता. निरीक्षकांनी पिशवीतला डबा न उघडताच ऑफिसच्या कपाटात दडवला आणि घरी येऊन डबा ऑफिसातच विसरल्याचं सांगितलं.

"फ्लॉवर-बटाटा कसा झाला होता?" बायकोने विचारलं.

"मीठ बेताचं. बटाटा मात्र जरासा कच्चा."

बायकोने ओट्यावरच्या डब्याचं झाकण काढलं. तो काठोकाठ भरलेला होता. सकाळी घाईत निरीक्षक त्याच्या शेजारी ठेवलेला धुतलेला रिकामा डबा उचलून गेले होते. ग्रॅमभराचा फरक पकडणाऱ्या माणसाला हातातला डबा रिकामा आहे हे कळू नये, म्हणजे कमालच झाली. मग त्यांनी सगळं कबूल केलं. बायको गप्प बसली, ती सकाळपर्यंत. सकाळी तिने डबाही दिला नाही.

दुपारी ते चोरट्यासारखे दुकानात शिरले, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी बायको बसलेली. समोर काउंटरवाला डबा खात होता.

"आज बर्गर नाही," तो मान वर न करता म्हणाला. "वहिनींनी बंदी घातलीय."

बायकोने दुसरा डबा पुढे सरकवला. निरीक्षकांनी मुकाट्याने घास घेतला. खरंच छान झाली होती भाजी.

"कशी झालीय?" बायकोने विचारलं.

"फारच सुंदर," निरीक्षक म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं," असं म्हणून ती काउंटरवाल्याकडे वळली.