दामूभाऊजींनी अडवलेला अर्ज

त्या दुपारी घरात आमी चौघं व्हतो: मी, माझी सून रंजना, नात गौरी आन माझे धाकटे दीर दामूभाऊजी. ल्योक चाकणला शिफ्टवर गेलेला. जाताना म्हणला, "आबा म्हणतील तसं करा." आबा म्हंजी भाऊजीच. तिथंच घोळ झाला.

भाऊजी भाकरी मोजून खात्यात. किती ते न्हाई, जाडी मोजून. गिअरच्या कंपनीत सगळा जल्म माल तपासण्यात गेला. मापाचं ते लोखंडी व्हर्निअर अजून खिशात असतं. "वैनी, कडंला जाड, मधी पातळ. होल्ड!" होल्ड म्हंजी लाल चिठ्ठी लावून माल बाजूला ठिवायचा. मी म्हणते, "ठिवा होल्डवर, दुसरी मिळायची न्हाई." मंग गुमान खात्यात.

लग्नाची स्थळं आली तवाबी हेच. एकीचं नाक, एकीचा मामा, सगळं होल्डवर. त्या पोरींना नातवंडं झाली, भाऊजी आपले आमच्याच मागच्या खोलीत.

आमचं वावर कारखान्यात गेलं, माझे मालकबी लवकर वारले. त्याच वावरातल्या शेडात मी झाडू मारला. रडायला सवड नव्हती. पोरांचा अभ्यास भाऊजींनीच घेतला, मागनं गौरीचाबी. म्हणून ती त्यांच्या शब्दाबाहेर न्हाई.

तर गौरीला एका लांबच्या कॉलेजात जायचं व्हतं. तिथं लई निवडून पोरं घेत्यात. अर्जाच्या दोन फेऱ्या. पहिलीत जागा जास्त, पण नाव लागलं की तिथंच जायचं, दुसरीकडं बघायचं न्हाई. दुसरी फेरी सावकाश, पण जागा उरल्या तर. पहिलीची मुदत त्याच दिवशी पाचला संपणार व्हती.

भाऊजींनी अर्ज छापून आणायला लावला. चष्मा पुसला. फोटोला माप लावलं.

"पहिला लॉट कधी पाठवायचा न्हाई. मशीन गरम व्हायचं असतं. खोट निघती."

"आबा, मी काय गिअर हाय का?"

"गिअर असतीस तर दोन मिनिटात सांगितलं असतं."

चार वाजून गेले. भाऊजी पानं उलटीसुलटी करत्यात, रंजना दारात येरझारा घालती.

"चूक दावा की, दुरुस्त करते," गौरी म्हणली.

"होल्ड!"

"आवो, पण चूक?"

भाऊजींनी परत पहिलं पान काढलं. मी पोरीला च्या ठिवायला आत धाडलं.

"भाऊजी, चूक सापडलीच न्हाई न्हवं?"

"न्हाई वैनी. तीनदा बघितला." मंग खाली बघून म्हणले, "नाव लागणार हिचं. दुसऱ्या फेरीत जागा उरली नसती, तर इथल्याच कॉलेजात गेली असती. सांजच्याला घरी आली असती."

"मलाबी वाटलं व्हतं तसं," मी म्हणले. "पण आपल्या सोबतीपायी पोरीला अडवायची का?"

पाचाला थोडी मिनिटं व्हती तवा भाऊजींनी हाक दिली, "गौरे, धाड!"

नाव लागलं. पोरगी गेली.

आता दुपार कलली की भाऊजी ओट्यावर सतरंजी टाकत्यात, दोन पेन्सिलींना टोक काढून ठिवत्यात आन बसत्यात. विचारलं तर म्हणत्यात, "हवा घेतोय."

आमच्या चिखलीत ऱ्हाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं हाय. घरात शिकणारं पोर असंल तर गणिताची वही देऊन आमच्याकडं धाडा. बोलत्यात लई कडक, पण धाडा.