मुजावरसरांना चालणारं उत्तर

चहाच्या गाड्यावर मुजावरसर कधी पहिल्या सांगण्याला बसले नाहीत. त्यांनी विचारायचं, "चहा हाय का?" गाडेवाल्यानं म्हणायचं, "बसा की सर." आणि सरांनी उभंच राहायचं. "मी व्हय का न्हाय विचारलं. ह्ये कुठल्या प्रकारचं उत्तर?" तो बिचारा "व्हय" म्हणेपर्यंत माझा चहा पिऊन झालेला असायचा.

बारामतीच्या एका क्लासमध्ये ते प्रोग्रॅमिंग शिकवत आणि मी टायपिंग. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधला सांगकाम्या. काम सोपवलं की उत्तर आणून देतो. पण ते उत्तर आकडा असेल, अक्षरं असतील की हो-नाही, हे आधीच लिहून द्यावं लागतं. पोरं आकडा कबूल करायची आणि नाव परत पाठवायची. सर फळ्यावर डोकं टेकवायचे. "जे देतो म्हणालास, तेच दे की रं!"

आता आपल्या भागात सरळ उत्तर देतो कोण? थोरल्या लेकीच्या लग्नाआधी सरांनी व्याह्यांना विचारलं, माणसं किती येणार? "येतुया की समदी," व्याही म्हणाले. सरांनी तीनदा फोन केला. "आकडा द्या, आकडा!" व्याही असे फुगले, की मांडवात जेवलेच नाहीत.

मग सरांच्या बायकोला, भाभींना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द उरला: निरवांगी. त्यांचं माहेर.

मी सरांच्या गावी, कळंबला, भेटायला गेलो, तेव्हा सर खाटेशेजारी बसून विचारत होते, "शमा, दुखतंय का? व्हय का न्हाय, येवढंच सांग."

"निरवांगी."

"गोळी देऊ?"

"निरवांगी," म्हणून भाभी रडायला लागल्या.

"सहा म्हयनं ह्येच," सर मला म्हणाले. "हिला दुखतंय का न्हाय, येवढं बी कळंना मला." इतकी वर्षं या माणसाची चेष्टा केली, त्याची मला लाज वाटली.

सरांनी गोळ्यांचं पाकीट बाजूला ठेवलं. खाली वाकून हळूच म्हणाले, "निरवांगी?"

भाभी रडायच्या थांबल्या. "निरवांगी," जरा वेगळ्या सुरात म्हणाल्या.

"निरवांगी," सर म्हणाले.

बराच वेळ दोघं असंच बोलत राहिले. मग भाभींनी डाव्या हातानं सरांचा हात धरला आणि ओढत नेऊन आपल्या उजव्या खांद्यावर ठेवला. सर तो खांदा चोळत रडत होते, आणि मीही.