तात्यांचं हळू उडणारं लढाऊ विमान

तात्या पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा रामराम नाही की काही नाही, टेबलावरची माझी पकड उचलली, खिशातून छोटा ताणकाटा काढला आणि पकड त्याला टांगली. काट्याकडे बघत म्हणाले, "जड हाय. हलकी घ्या." मग बसले.

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळक्या मोटारी येतात, मी तारा नव्याने भरून देतो. तात्या पणदऱ्याचे. त्यांची उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाचा ट्रेलर नुसता वळताना बघून किती टनाचा ते सांगायचे म्हणतात. निवृत्त झाले, पण काटा सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत बुंदीचा लाडू तळहातावर तोलून "थोरलीच्या लग्नात मोठा व्हता" असं मुलीच्या बापाला ऐकवणारा हा माणूस. लोक त्यांना आमंत्रण देतात, पण वाढपी लांबूनच वाढतात.

"लढाऊ इमानाला मोटर पाह्यजे," तात्या म्हणाले.

म्हटलं, ऊन लागलं असेल. पाणी दिलं. मग उलगडा झाला. रिमोटवर उडणारं मॉडेल, पण खेळण्यातलं नव्हे. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फूट. घरच्या सोप्यात हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवून तीन वर्षं खपून केलेलं. आता फक्त विजेची मोटर निवडायची राहिली होती, आणि तिथंच तात्यांचं घोडं अडलं होतं. मोटर कमी पडली तर विमान वर जाऊन धापा टाकणार आणि खाली येणार.

"तीन वर्सांचं सरपान व्हईल, संपतराव," ते म्हणाले. गंमत करत नव्हते.

विमानाचं वजन नऊ किलो. तात्यांनी कुठंतरी वाचलं होतं, किलोमागं तीनशे वॅट लागतात. मी गुणाकार केला आणि गार पडलो. साडेतीन एच.पी.च्या वर!

"तात्या, एवढ्यात माझ्या मेव्हण्याचा ऊस भिजतो."

"मग काय टाकू?"

"पाचची टाका." आमच्याकडं रीतच आहे. तीनची लागते तिथं शेतकरी पाचची टाकतो, पाचची लागते तिथं साडेसातची. कमी पडायला नको.

आठवड्यानं तात्या परत आले ते तोंड पाडून. "पाचची मोटर जड. तिला बॅटरी मोठी, ती जड. मग चाकांचे दांडे दणकट पाह्यजेत, तेबी जड. सगळं धरलं की मोटर परत कमीच पडती."

म्हटलं, असंच चाललं तर शेवटी विमान ट्रेलरवर घालून कारखान्याला न्यावं लागेल. तात्या हसले नाहीत. वजनावरचे विनोद त्यांना चालत नाहीत.

मी दुसरी वाट दाखवली. "गवत कापायच्या मशीनचं इंजिन बसवा. पेट्रोल टाका आणि सोडा."

"आवाज नको."

"लढाऊ विमान, आणि आवाज नको?"

"बोलायचं असतंय."

"कुणाशी?"

तात्यांनी चहा सांगितला.

त्यात आणखी एक खूळ. मोबाइलवर मी कुठलीही मोटर दाखवली की यांचा प्रश्न ठरलेला, "हिच्यावर हळू चालंल का?" जगाला वेग हवा, यांना संथपणा. शेवटी मी वैतागलो. म्हटलं, "तात्या, हे लढाऊ विमान हाय, वरातीचा घोडा न्हाय."

"हळूच पाह्यजे," तात्या म्हणाले. "आन लई येळ."

मग तसंच ठरवलं. सावकाश फिरणारी पण जोरदार मोटर, तिला हातभर लांबीहून मोठा पंखा, बॅटऱ्या दोन, आणि करंट सोसेल असा कंट्रोलर. वजन जमवायला तात्यांनी पंखाखालच्या खोट्या बंदुका काढून टाकल्या. शस्त्रं टाकून निघालेलं लढाऊ विमान मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो.

उडवायला सुप्याकडचा एक मुरमाड माळ धरला. मलाही बोलावलं. टेम्पोतून विमान उतरलं आणि मी बघतच राहिलो. नखशिखांत पिवळं.

"तात्या, हे लढाईला चाललंय का हळदीला?"

तात्या टेम्पोच्या पुढच्या दाराशी गेले होते. त्यांनी हात धरून एका बाईला खाली उतरवलं. तिचा पाय जमीन चाचपत होता.

"ही आमची मंडळी," तात्या म्हणाले. "साखरेनं नजर गेली. मोठं, पिवळं, हळू हलणारं, एवढंच जरा दिसतंय. आधी बारकं इमान केलं व्हतं, ते तिला गावलंच न्हाय."

मी टेम्पोतली खुर्ची खाली काढली.

तात्यांनी काकींना खुर्चीवर बसवलं आणि रिमोट घेऊन शेजारी उभे राहिले. विमान धावलं, वर उठलं. मोटर दमली नाही. वर नुसती पंख्याची घरघर, आणि खाली तात्यांचं हळू आवाजातलं बोलणं. "आता चिंचंवर हाय... उजव्या हाताला बघ... आता वळलं. आपल्याकडंच येतंय." तात्या सांगतील तिकडं काकी मान वळवत होत्या, थोड्या उशिरानं.

विमान सुखरूप उतरलं. तात्यांनी कपाळाचा घाम पुसला.

"दिसलं का गं?"

"दिसलं की," काकी म्हणाल्या. "लई ग्वाड दिसत व्हतं. पंख्याची पातीसुद्धा दिसली."

फिरत्या पंख्याची पाती मला दिसली नव्हती. ती कुणालाच दिसत नाहीत. तात्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"व्हय? बरं झालं," ते म्हणाले आणि काकींचा पदर उन्हासाठी डोक्यावरून नीट पुढं ओढला.

पंख सोडवायला आम्ही दोघं टेम्पोमागं गेलो. तात्या बराच वेळ स्क्रू फिरवत राहिले. मग काकींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "संपतराव, बारा फुटाच्या इमानाला किती वॅट लागत्याल?"

"उद्या दुकानात या," एवढंच म्हणालो.