हळू बोला, मनी भुलीत आहे

कवायतीचे मास्तर नुसतं ‘पाणी द्या’ म्हणाले, तरी शेजारी दार उघडून बघत. अशा माणसाच्या हाती डॉक्टरांनी भुलीतली मांजर सोपवली.

“ऑपरेशन छान झालंय,” डॉक्टर म्हणाले. “आता मनीची टोपली जमिनीवरच ठेवा. ऊब द्या, श्वासावर लक्ष ठेवा. नीट चालायला लागेपर्यंत पोटात काही नको, ठसका लागून जिवावर बेतेल. आणि आवाज अजिबात नको, बिथरते.”

बायको कामावर गेली होती. मास्तरांनी पडदे ओढले, टोपलीभोवती शाल गुंडाळली आणि शेजारी पालथे पडले. मनीचे डोळे सताड उघडे, जीभ बाहेर. मास्तरांनी तिच्या नाकाशी बोट धरलं. पण श्वास लागतोय की नाही, काही कळेना. घाबरून त्यांनी फोन लावला.

“डॉक्टर, डोळे उघडे आहेत, पण बघत नाहीये हो!”

“भुलीत मांजरं डोळे मिटत नाहीत. छाती हलतेय ना? मग झालं तर.”

तेवढ्यात दुधाची वाटी घेऊन सासूबाई आल्या. वर्षभर दोघांचा अबोला होता. काही सांगायचंच झालं तर ते बायकोमार्फत. आज मध्ये बायको नव्हती.

“काय हाल केलेत पोरीचे!” सासूबाई कडाडल्या. टोपलीतला कान दचकला.

“हळू!” मास्तर कुजबुजले. “दूध द्यायचं नाही.”

“मला शिकवू नका.” सासूबाईही कुजबुजल्या आणि टोपलीच्या पलीकडे पालथ्या पडल्या. “घसा कोरडा पडला असेल तिचा.”

“पडू द्या. वाटी मागे घ्या.”

“हट्टीच मेले! घर बदललंत, तेव्हा तरी मला विचारलंत?”

“विचारणारच होतो. तुम्ही त्याआधीच गल्लीभर सांगितलंत, जावई आम्हाला तोडतोय म्हणून.”

“वाटलं तसं. रिकामं घर खायला उठतं मला, कळतं का तुम्हाला?”

हेच ओरडून आलं असतं तर मास्तरांनी दुप्पट ओरडून परतवलं असतं. कुजबुजीला काय उत्तर द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

“नाही कळलं,” ते म्हणाले. मग सावरून, “तरी दूध नाही म्हणजे नाही.”

दार किंचित उघडलं. बायको डोकावली. आई आणि नवरा डोक्याला डोकं लावून कुजबुजताहेत! तिनं अलगद दार ओढलं आणि जिन्यात बसून बहिणीला फोन केला. “अगं, काय गोडीत बोलतायत दोघं!”

आत तेव्हा ‘आडमुठे’ आणि ‘हेकट’ यांची देवाणघेवाण चालली होती.

एवढ्यात मनीनं मान उचलली. पुढचे पाय उभे राहिले, मागचे भलतीकडे गेले. दोघांनी एकदमच हात पुढे केले. ती पडली, उठली, पुन्हा डुलली आणि मग सरळ चालत सासूबाईंच्या पदरावर जाऊन बसली.

सासूबाईंनी वाटीकडे हात नेला. मग थांबून मास्तरांकडे पाहिलं. “देऊ?”

“आधी पाणी. अगदी थोडं.”

बायको हसत आत आली. “झालं का बोलून?”

“कुठलं? अजून निम्मंसुद्धा झालं नाही,” सासूबाई गुडघे चोळत म्हणाल्या. “उद्या येते.”

“दुपारी या,” मास्तर कुजबुजले. “तेव्हा मनी झोपलेली असते.”