गुरुकाकांचे वसुलीवाले

वसुलीवाला आला की माणसं मागच्या दाराने पसार होतात. आमचे मिठबावचे गुरुकाका पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची टाकतात. "बस मरे! देणा खंय पळता?"

कर्ज काकांचं नव्हेच. मुलाने, विलासने, होडीच्या इंजिनासाठी काढलेलं. इंजिनाने लवकरच राम म्हटला, त्यावरून बापलेकांचं वाजलं आणि विलास जो गेला तो गेलाच. काकी वारल्या तेव्हा कळवायला त्याचा पत्तासुद्धा नव्हता. कर्ज तेवढं जिवंत. एका कंपनीने ते दुसरीला विकलं, दुसरीने तिसरीला, आणि प्रत्येक कंपनी नव्या दमाचा माणूस घाट उतरून पाठवते.

तो दम द्यायला येतो आणि सोलकढी पिऊन जातो. एकजण सोमवारी टपकला, तर काकाच त्याच्यावर डाफरले. "वसुलीक येवचा तर बुधवारी येवचा! आज शिवराक, मासळी नाय. बुधवारी बांगडे गावतत, इतक्या कळना नाय?" गडी खरोखरच बुधवारी परत आला! पोटभर जेवला आणि मग काकांनी त्याची उलटतपासणी घेतली. पुण्याक बघलंस? गोव्याक इचारलंस? नवीन पत्तो काय गावलो? देणेकरी कोण नि वसुलीवाला कोण, काही कळेना.

जत्रेत गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान काकांचा. ती सवय इथेही. पाहुणा निघाला की त्याच्या मोटारसायकलपुढे नारळ धरून सुरू: "बा देवा महाराजा! ह्या लेकरू घाट चढान जातला. ह्येच्या गाडयेक, ह्येच्या पगाराक काय इडापिडा आसात, ती दूर कर रे महाराजा!" आणि "व्हय महाराजा!" म्हणायला शेजारी म्हणून मी. वसुलीवाल्याच्या पगारासाठी! माझं डोकं सणकायचं.

मी कोर्टात कारकुनी केलेला माणूस. परवा पुन्हा एक नवा गृहस्थ आला, तसा मी तरातरा खळ्यात गेलो. म्हटलं, "हे कर्ज कधीच मुदतबाह्य झालंय. काका जामीनदारही नाहीत. म्हाताऱ्या माणसाला छळता? तक्रार करीन!"

गृहस्थ सज्जन निघाला. कागद पिशवीत घालत म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. फाईल बंद करायला सांगतो. आता कोणी येणार नाही."

मी विजयी मुद्रेने काकांकडे बघितलं. काका खुर्चीचा हात धरून उभे होते.

"रे भाऊ, तुका कोणी सांगितला मधे पडाक?" मग त्या माणसाकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "पावण्या, फाईल बंद करू नको रे. पोलिसांनी केल्यानी, सोयऱ्यांनी केल्यानी. माझ्या झिलाक शोधणारे आता तुमीच उरलास."

इतकी वर्षं शेजारी राहतो, पण विलासची चौकशी मी शेवटची कधी केली, तेही मला आठवेना.

तो गृहस्थ पुन्हा बसला. हेल्मेट खाली ठेवून म्हणाला, "काका, विलासचा एखादा फोटो आहे?"

"आसा, आसा!" काका धावत आत गेले आणि फोटो धोतराच्या सोग्याने पुसतच बाहेर आले.

"ह्येच्यात केस काळे आसत," ते म्हणाले. "आता पिकले आसतीत. तसो बघ."