चुना, तर्री आणि नाखले सर

समस्त वर्धेकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत कोट्यवधी जीव एका काचेच्या बरणीत उपाशी डांबून ठेवलेले आहेत. त्यांना डांबणारा इसम उजळ माथ्याने फिरतो, सकाळी जास्वंदीला पाणी घालतो आणि मला "वहिनी" म्हणतो.

इसमाचे नाव नाखले सर. जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्तीच्या दिवशी सत्काराची शाल तिथेच विसरून, भंगारात निघालेला मायक्रोस्कोप तेवढा काखेत मारून घरी आले. बरणीतले जीव म्हणजे यीस्ट, पावात घालतात ते. सर त्यांना "पोट्टे", म्हणजे पोरे, म्हणतात.

"पोट्ट्यांले उपाशी ठेवलं का ते स्वतःलेच खातात, वहिनी. घरातलं मोडकंतोडकं पिशवीत बांधतात, कोठीत नेऊन पचवतात, अन् त्याच्यावर जगतात. याले ऑटोफॅजी म्हणते."

ही पिशवी कशाची? सर माझ्या हातातल्या भाजीच्या वाटीतल्या तेलाच्या तवंगाकडे बोट दाखवत. "तर्रीची. चरबीबिगर पिशवी शिवल्या जात नाई." आणि पेशीतले कॅल्शियम? लगेच खिशातून चुन्याची डबी निघे. "चुना कोठीत बंद पायजे. बाहेर सांडला का कारभार बिघडला. कमी पडला तरी बिघडला. खर्र्यासारखंच आहे." सरांनी आयुष्यात सुपारी-तंबाखू-चुन्याचा तो खर्रा खाल्लेला नाही. डबी निव्वळ शिकवण्यापुरती.

आता आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथे आंबूस वासाची बरणी खिडकीत ठेवणे म्हणजे स्वतःच्या हाताने पोलिसांची वरात बोलावणे. कोणीतरी तक्रार केली. हवालदार आला, बरणी हुंगून म्हणाला, "सर, काय सडवून राह्यले?"

"सडवत नाई, उपाशी ठेवून राह्यलो. साखर दिली तर दारू होईन. मी साखरेचा दाणा देत नाई. बसा, चुन्यापासून सांगतो."

पाऊण तासाने हवालदार माझ्या दारात पाणी मागत उभा. "साहेबाले काय लिहून देऊ, मॅडम? आरोपी उपाशी आहे म्हणून?"

तो बरणीबद्दल बोलत होता, पण सरांनाही ते लागू होते. पत्नी नाखलेबाई गेल्या आणि सरांनी संध्याकाळची चूल बंद केली. हटकले की छाती काढून म्हणत, "मी बी ऑटोफॅजी करून राह्यलो." पट्ट्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोके होती. नागपूरची लेक मंदा फोनवर माझ्याजवळ भडकली. "काकू, मी रविवारी येतो. बाबा असेच वाळलेले दिसले तर घराले कुलूप लावून घेऊन जातो."

मी निरोप दिला. सरांनी उंबऱ्यावर दोन्ही पाय रोवले. "तिले सांगजा, वाळलेलं लाकूड हलकं असते, पण वाकत नाई. या घरातून मी हलत नाई."

शनिवारी दुपारी मी वांग्याची भाजी आणि भाकरी घेऊन गेले. दार उघडेच होते. सर पाठमोरे, आणि चमच्याने बरणीत साखर सोडत होते.

"काऊन सर, दाणा देत नाई म्हणे?"

चमचा हवेतच थांबला. "तीन दिस झाले, वहिनी. पोट्ट्यांचं पाह्यवत नाई."

त्यांचा प्रयोग दर वेळी चौथ्या दिवसाच्या आत का फसतो, ते मला तेव्हा कळले.

"पोट्ट्यांले पारणं, अन् तुमचं आम्ही पाह्यत बसायचं? उद्या मंदाले काय सांगू?"

"काई सांगू नका. मी काय बरणीत आहो?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्याच फळीवरून दोन ताटे काढली, भाकरी मोडली आणि बैठक मारली. सर भांडायच्या पवित्र्यात उभेच. मग मी मुद्दाम माझ्या वाटीवरची लालभडक तर्री चमच्याने काढून त्यांच्या वाटीत सोडली. नाखलेबाई रोज असेच करत. शेजारून मी ते वर्षानुवर्षे पाहिले होते.

सर वाटीकडे बघत राहिले. मग हळूच बसले. एक भाकरी संपली. दुसरी त्यांनी स्वतः मागितली. तिचा तुकडा तर्रीत बुडवताना, वर न बघता, एकदम बोलून गेले, "एकट्यानं जेवलं का वहिनी, मीच मले खाऊन राह्यलो असं वाटते."